क्लच हप्त्याने मागतो, ऑटोमॅटिक एकरकमी

जळक्या क्लचचा वास एकदा नाकात गेला की आयुष्यभर ओळखू येतो. करपलेला कागद आणि तापलेले रबर यांच्या मधला कुठला तरी वास. मावळात एका शेतावर जाताना, ऐन जुलैत, तो माझ्याच गाडीतून आला तेव्हा शेजारी बसलेला मेहुणा म्हणाला, "कोणीतरी टायर जाळतंय वाटतं." चढ जेमतेम पन्नास फुटांचा होता. खाली भातखाचराची चिकणमाती, वर सैल दगड. मी फोर-हायमध्ये, पहिल्या गिअरवर, क्लच अर्धा दाबून गाडी चढावर 'धरून' ठेवली होती. शहरात सिग्नलला उड्डाणपुलावर धरतो तशी. पाच-सहा मिनिटांत इंजिन बोंबलत होते आणि गाडी जागची हलत नव्हती. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने टोचन करून वर काढली. त्याने पाचशे रुपये घेतले. गॅरेजवाल्याने बावीस हजार घेतले. फुकटात काम करणारा लो रेंजचा, म्हणजे गाडी सावकाश पण दुप्पट जोराने चालवणारा, लिव्हर माझ्या डाव्या हाताला टेकून उभा होता, त्याला मी हातही लावला नव्हता.

"ऑफरोडला मॅन्युअल घेऊ की ऑटोमॅटिक?" असे कोणी विचारले की मला हे बिल आठवते. हा प्रश्न लोक मर्दुमकीचा करून टाकतात. 'खरा ड्रायव्हर मॅन्युअलच चालवतो' असे एक टोळके म्हणते, 'जमाना बदलला' असे दुसरे. गाडी मात्र आपण पैशाने घेतो आणि चुकांनी वापरतो. म्हणून मी उलटे विचारतो, कोणती चूक तुम्हाला परवडेल? मॅन्युअलमधल्या चुका लहान आणि वारंवार होतात. ऑटोमॅटिकमध्ये त्या क्वचित होतात, पण झाल्या की मोठ्या.

आधी खरेदीचा हिशेब. मारुतीची जिम्नी जून २०२३ मध्ये बाजारात आली तेव्हा झीटा मॅन्युअलची एक्स-शोरूम किंमत १२.७४ लाख होती आणि ऑटोमॅटिकची १३.९४ लाख. वरच्या अल्फात १३.६९ आणि १४.८९. दोन्हीकडे फरक बरोबर १.२० लाखाचा. नंतर किमती हलल्या, सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा पुन्हा हलल्या. त्यामुळे आजचा आकडा शोरूममधूनच घ्या, पण साधारण सव्वा ते दीड लाख हा फरक मनात धरून जा. थारमध्येही याच घरातले आकडे ऐकू येतात.

हा फरक तिथेच थांबत नाही. महाराष्ट्रात खासगी गाडीचा एकरकमी वाहन कर किमतीच्या टक्केवारीने लागतो. १० ते २० लाखांच्या टप्प्यात पेट्रोल गाडीला १२ टक्के, डिझेलला १४. म्हणजे डिझेल फोर बाय फोरमध्ये ऑटोमॅटिकसाठी दीड लाख जास्त मोजले, तर २१ हजार रुपये सरकारजमा. विम्याचा हप्ता गाडीच्या किमतीवर ठरतो, तोही थोडा चढतो. शिवाय हे दीड लाख कर्जातून आले तर ९ टक्क्यांनी पाच वर्षांचा महिन्याचा हप्ता होतो ३,११४ रुपये. सगळे हप्ते संपेपर्यंत दीड लाखाचे एक लाख ८६ हजार ८०० झालेले असतात. कर धरून दोन लाखांच्या पुढे गेलात.

दोन लाखांत किती क्लच येतात? क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगचा सेट, वर गिअरबॉक्स उतरवून चढवण्याची मजुरी, असे मिळून या वर्गातल्या गाडीचे बिल साधारण पंधरा ते तीस हजारांत बसते. पंचवीस धरले तरी आठ क्लच झाले. माझ्यासारखा अडाणीसुद्धा आठ क्लच जाळणार नाही. त्यामुळे 'ऑटोमॅटिक घ्या, क्लचचा खर्च वाचेल' असे सेल्समन सांगू लागला तर चहा पिऊन उठा. ऑटोमॅटिक घेण्याची कारणे दुसरी आहेत, चांगलीही आहेत. पैसे वाचणे हे त्यातले एक नाही.

इंधनाचा मुद्दा मात्र लोक उगाच ताणतात. जिम्नीचे प्रमाणित ॲव्हरेज मॅन्युअलमध्ये लिटरला १६.९४ किलोमीटर आणि ऑटोमॅटिकमध्ये १६.३९ आहे. वर्षाला १२ हजार किलोमीटर चालवलीत तर फरक जेमतेम २४ लिटरचा. लिटरला १०४ रुपये धरले तर वर्षाचे अडीच हजार. रस्त्यावर दोन्ही आकडे खाली येतात, शहराच्या गर्दीत ऑटोमॅटिकचा जरा जास्तच, पण एवढ्यासाठी कोणी निर्णय बदलू नये.

'ऑटोमॅटिक' हा शब्द फसवा आहे, त्याखाली चार निरनिराळी यंत्रे विकली जातात. एएमटी म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायला आणि गिअर बदलायला यंत्र बसवलेले. चढावर रेंगाळलात तर तोही जळतो, आणि पाय तुमचा नसल्यामुळे तुम्हाला ते उशिरा कळते. ड्युअल क्लच गुळगुळीत चालतो, पण त्यातही घर्षणाचे क्लच आहेत आणि मुंगीच्या पावलाने चालणे त्यांना मानवत नाही. सीव्हीटीचा पट्टा मोठ्या ओढीला आणि तापायला नाजूक. उरतो टॉर्क कन्व्हर्टर. यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये तेल फिरते. एक पंखा तेल फेकतो, दुसरा ते झेलून फिरतो. घासणारे काही नसल्यामुळे चढावर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर दोन्ही दाबून दोन-चार क्षण थांबलात तरी जळत काही नाही. वर सुरुवातीच्या क्षणी हे यंत्र इंजिनची ओढ जवळपास दुप्पट करून चाकाकडे पाठवते. दगडधोंड्यांच्या कामाला ऑटोमॅटिक घ्यायची तर हीच. थार, थार रॉक्स आणि जिम्नी, तिन्हींत हीच आहे.

चिखलात आणि भुसभुशीत मातीत ऑटोमॅटिक खरोखर उजवी पडते. मॅन्युअलमध्ये गिअर बदलताना तुम्ही क्लच दाबता त्या अर्ध्या सेकंदात चाकाची ओढ तुटते, गाडी चिखलात बसते आणि बसलेली गाडी पुन्हा हलवायला दुप्पट जोर लागतो. ऑटोमॅटिकमध्ये ओढ तुटत नाही. नवशिक्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात, डोळे चाकासमोरच्या दगडावर. साताऱ्या-कोल्हापुराकडच्या वडापवाल्याला हाफ क्लच शिकवावा लागत नसे. पंधरा माणसे आणि दोन शेळ्या घेऊन तो घाटात जीप चढवत असे आणि त्याचा क्लच वर्षानुवर्षे टिके. आपल्यापैकी बहुतेकांना तो पाय नाही, हे मान्य केलेले बरे.

मग उतार येतो, आणि तिथे पारडे फिरते.

जिम्नीच्या गिअरबॉक्सचेच आकडे घेऊ. मॅन्युअलचा पहिला गिअर ४.४२५ चा, ऑटोमॅटिकचा २.८७५ चा. लो रेंज टाकली की दोन्हींना साधारण दोनने गुणायचे, मग डिफरन्शियलच्या आकड्याने, म्हणजे मॅन्युअलला ४.०९ ने आणि ऑटोमॅटिकला ४.३० ने. उत्तर असे, मॅन्युअलमध्ये इंजिनचे सुमारे ३६ फेरे होतात तेव्हा चाकाचा एक होतो. ऑटोमॅटिकमध्ये सुमारे २५. इंजिन आयडलला आठशे फेऱ्यांवर असेल तर मॅन्युअल गाडी ताशी तीन किलोमीटरने उतरते. आजोबा देवळात जातात तो वेग. ऑटोमॅटिक त्याच हिशेबाने चारच्या पुढे जाते, आणि मध्ये तेल असल्यामुळे तेवढीही पक्की धरलेली नसते. चढताना कन्व्हर्टर ही तूट भरून काढतो, उतरताना काढत नाही. ओल्या, निसरड्या उतारावर ब्रेकला पाय न लावता केवळ इंजिनच्या जोरावर उतरणे म्हणजे काय, हे मॅन्युअलमध्ये एकदा अनुभवा. पाय जमिनीवर मोकळे ठेवायचे आणि गाडीला तिचे काम करू द्यायचे.

आता बहुतेक गाड्यांत उतार-नियंत्रण असते. बटण दाबले की गाडी स्वतः एकेक चाकाला ब्रेक लावत उतरते. छोट्या उतारावर उत्तम. पण ते शेवटी ब्रेकच आहेत, आणि लांब घसरगुंडीवर ब्रेक तापतात. ऑटोमॅटिकवाल्याने हे बटण आहे म्हणून निर्धास्त न होता लिव्हर मॅन्युअल मोडमध्ये नेऊन पहिला गिअर धरून ठेवावा. नुसत्या 'डी'मध्ये उतरणारे लोक मी पाहिले आहेत. खाली पोचतात ते ब्रेकचा वास घेऊन.

याहून बिकट प्रसंग म्हणजे अर्ध्या चढावर गाडी बंद पडणे. जुन्या जीपमध्ये एक युक्ती होती, क्लच न दाबता, गिअरमध्येच चावी फिरवायची, स्टार्टरच्या जोरावर गाडी इंचभर पुढे सरकत सुरू व्हायची. आजच्या बहुतेक मॅन्युअल गाड्यांत क्लच दाबल्याशिवाय स्टार्टर फिरतच नाही. म्हणजे इंजिन सुरू करण्याच्या क्षणी गाडी फक्त ब्रेकवर लटकलेली असते. अशा वेळी पुन्हा वर जाण्याचा हट्ट सोडा. ब्रेक पक्का, हँडब्रेक ओढा, रिव्हर्स टाका, सुरू करा, क्लच पूर्ण सोडा आणि इंजिनच्या जोरावर सरळ मागे उतरा. सरळ हा शब्द महत्त्वाचा. चढावर गाडी आडवी वळवली की ती कुशीवर जाते. ऑटोमॅटिकमध्ये हेच काम सोपे आहे. ब्रेक, 'आर', आणि ब्रेक हळूहळू सोडणे. न्यूट्रलमध्ये मात्र दोन्ही गाड्यांत कधीही उतरू नये.

देखभालीकडे या. मॅन्युअल गिअरबॉक्सचे तेल स्वस्त असते, दोन-तीन लिटर लागते आणि गावातला कोणताही शहाणा फिटर बदलून देतो. ऑटोमॅटिकचे तेल महाग, लागते जास्त, आणि नळीचे बूच काढून सोडले तर एका वेळी निम्मेच खाली येते. बाकीचे कन्व्हर्टरच्या पोटात राहते. काही ठिकाणी 'हे तेल आयुष्यभराचे' असे सांगतात. आयुष्य कोणाचे, ते विचारा. चिखल-दगडांत राबणाऱ्या गाडीचे तेल मी ४० ते ५० हजार किलोमीटरला बदलेन, आणि त्यासाठी दहा हजारांच्या आसपास बाजूला ठेवेन. ऑटोमॅटिकचा खरा शत्रू उष्णता आहे. वाळूत किंवा चिखलात दहा मिनिटे इंजिन बोंबलत ठेवले की तेल उकळायला येते. पडद्यावर तापमानाचा इशारा दिसला तर गाडी 'पी'मध्ये टाका, इंजिन चालू ठेवा, म्हणजे तेल थंड करणाऱ्या जाळीतून ते फिरत राहील. इशारा दुर्लक्षून पुढे गेलेल्यांना नंतर गिअरबॉक्स उघडावा लागतो आणि तिथे लाखाच्या खाली बोलणे होत नाही. एकरकमी म्हणतो ते हेच.

मॅन्युअलवाल्यांनीही फार हुरळू नये. काही डिझेल गाड्यांचे फ्लायव्हील दोन थरांचे, ड्युअल मास असते. क्लच जाळून ते गरम करून टाकले तर क्लचच्या बिलाइतकीच भर वेगळी पडते. गाडी घेण्याआधी आपल्या मॉडेलला कोणते फ्लायव्हील आहे आणि त्याची किंमत काय, हे सुटे भाग विकणाऱ्या काउंटरवर जाऊन विचारा. सेल्समनला हे ठाऊक नसते.

पाण्यातून जाताना एक नियम पाळा, क्लचला पाय लावू नका. थारची पाण्यात उतरण्याची कंपनीने सांगितलेली मर्यादा ६५० मिलिमीटर आहे, फोर्स गुरखाची ७००. मर्यादेत असलात तरी मध्येच क्लच दाबला की प्लेटच्या फटीत गढूळ पाणी शिरते आणि पलीकडे गेल्यावर क्लच घसरू लागतो. काठावरच लो रेंज आणि पहिला-दुसरा गिअर निवडा आणि एका दमात बाहेर या. ऑटोमॅटिकला ही भानगड नाही, पण गिअरबॉक्सची श्वासनळी जागेवर आहे ना, हे पावसाळ्याआधी बघून घ्या. तिच्यातून पाणी आत गेले तर लालसर तेल दुधाळ गुलाबी दिसते. ते दिसल्यावर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, उचलून न्या.

टोचनचेही तसेच. बंद पडलेली ऑटोमॅटिक चाकांवर ओढत नेणे म्हणजे गिअरबॉक्सची वाट लावणे. तेल फिरवणारा पंप इंजिनवर चालतो, इंजिन बंद असेल तर आतले भाग कोरडे फिरतात. पुस्तिकेत ट्रान्सफर केस न्यूट्रलला टाकून ओढण्याची रीत दिली असेल तर तशी, नाहीतर सपाट ट्रकवरूनच. बॅटरी उतरलेली मॅन्युअल चार जणांनी ढकलली की दुसऱ्या गिअरवर सुरू होते, बॅटरी अगदीच मेलेली नसेल तर. ऑटोमॅटिकला धक्का मारून उपयोग नाही. चार-पाच हजारांचा जंप स्टार्टर डिकीत ठेवा. सह्याद्रीत मोबाइलची रेंज जिथे जाते तिथेच बॅटरीही जाते.

विम्याबद्दल लोकांचे मोठे गैरसमज आहेत. जळालेला क्लच म्हणजे झीज, आणि झीज मोटार पॉलिसीत बसत नाही. तापून गेलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे यांत्रिक बिघाड, तोही बसत नाही. दगड लागून खालचे तेलाचे भांडे फुटले आणि तेल गळून आतले भाग गेले, तर मूळ पॉलिसीत भांड्याचे पैसे मिळतील, आतल्या भागांसाठी इंजिन-गिअरबॉक्स संरक्षणाची वेगळी जोड घेतलेली हवी. ऑटोमॅटिक घेणाऱ्याने ती जोड घ्यावीच. मोठ्या टायरचा शौक असेल तर तोही या हिशेबात धरा. ३० इंचांचे टायर काढून ३३ चे लावले की प्रत्येक गिअर दहा टक्के 'उंच' होतो. म्हणजे मॅन्युअलमध्ये क्लच जास्त घासणार, ऑटोमॅटिकमध्ये तेल जास्त तापणार. कायद्याचा प्रश्न वेगळाच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठासून सांगितले आहे. दाव्याच्या वेळी सर्व्हेअर सर्वात आधी टायर बघतो.

आता बाजारात निवड किती आहे ते बघा, कारण काही वेळा कंपनीनेच तुमच्या वतीने निर्णय घेतलेला असतो. पुण्याच्या आकुर्डीची फोर्स गुरखा फक्त मॅन्युअलमध्ये येते, पाच गिअरची. बदल्यात पुढच्या आणि मागच्या दोन्ही धुरांना लॉक मिळते, जे या किमतीत दुसरीकडे नाही. थार रॉक्स २०२४ मध्ये आली, तिच्यात फोर बाय फोर केवळ डिझेलला आहे, आणि ऑटोमॅटिकला इंजिन जास्त ताकदीचे दिले आहे. मॅन्युअलला ३३० न्यूटन-मीटरची ओढ, ऑटोमॅटिकला ३७०. तीन दारांच्या पेट्रोल थारमध्येही मॅन्युअलला ३००, ऑटोमॅटिकला ३२०. जिम्नीत इंजिन एकच, पण ऑटोमॅटिक चारच गिअरची आणि जुन्या धाटणीची. एक्सप्रेसवेवर ती ओरडते. डोंगरात मात्र तिची काही तक्रार नाही.

वापरलेली गाडी बघायला गेलात तर मॅन्युअल मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी चाळीसवर आणा आणि ॲक्सिलरेटर एकदम दाबा. काटा वर पळाला आणि गाडी मागे राहिली, तर क्लच संपला. पंचवीस हजार किमतीतून उतरवायला सांगा. ऑटोमॅटिक थंड असताना सुरू करायला लावा. 'पी'तून 'आर' आणि 'डी'त टाकल्यावर सेकंदाहून जास्त घुटमळली किंवा धक्का देऊन लागली, तर मालक कितीही सज्जन वाटला तरी नमस्कार करून निघा. दोन्हींत खाली वाकून गिअरबॉक्सचे बूड बघा. ओरखडे सगळ्यांनाच असतात, ठोकून सरळ केलेला पत्रा शोधा. आणि लो रेंज स्वतः टाकून बघा. अनेक मालकांनी ती एकदाही टाकलेली नसते आणि लिव्हर गंजून बसलेला असतो.

माझा निकाल असा. पाच दिवस हिंजवडी किंवा घोडबंदरची कोंडी, आणि महिन्यातले दोन रविवार डोंगर, अशी ज्याची वाटणी आहे त्याने टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक घ्यावी. दोन लाख तो गुडघ्यासाठी आणि मनःशांतीसाठी मोजतो, ऑफरोडसाठी नाही, एवढे स्वतःशी कबूल करावे. गाडी गावाकडे राहणार असेल, कोकणात किंवा घाटमाथ्यावर, जिथून कंपनीचे सर्व्हिस सेंटर दोन तालुके लांब आहे, शेतातून पोती आणायची आहेत, दहा-बारा वर्षे ठेवायची आहे, तर मॅन्युअल. घरात चालवणारे दोघे-तिघे असतील आणि त्यातल्या एकालाही क्लचची भीती असेल, तर त्याच्या मताला दोन मते धरा. आणि कोणतीही घ्या, पहिल्या पावसाआधी एक दिवस प्रशिक्षणाला द्या. इगतपुरीला महिंद्राचे ऑफरोड प्रशिक्षण केंद्र आहे, तिथे गाडी त्यांची असते आणि जळालेला क्लचही त्यांचाच.

टेस्ट ड्राइव्ह घेताना शोरूमसमोरचा डांबरी रस्ता नको म्हणून सांगा. जवळचा कच्चा चढ दाखवा, लो रेंज टाकून वर नेऊ द्या आणि तीच गाडी ब्रेकला पाय न लावता खाली आणू द्या, आधी मॅन्युअल, मग ऑटोमॅटिक. देत नसतील तर दुसऱ्या डीलरकडे जा. पंधरा लाख तुमचे आहेत.